पंधरा मते, तीन निकाल

कॅनडातल्या वॉटर्लूला जानेवारीत बाहेर उणे पंधरा असते, तेव्हा आमच्या मराठी मंडळाची सभा कुणाच्या तरी घराच्या तळघरात भरते. जिन्यापाशी बर्फाने ओले झालेले बूट, कोपऱ्यात चहाचा थर्मास, पातेलेभर पोहे आणि गालिच्यावर मांडी घालून बसलेली पंधरा माणसे. अशाच एका सभेत गुढीपाडव्याला काय करायचे ते ठरवायचे होते. पैसे एकाच कार्यक्रमापुरते होते आणि सूचना तीन आल्या होत्या: नाटक, गाण्याची मैफल आणि मुलांचा कार्यक्रम. हात वर झाले. नाटकाला सहा, मैफलीला पाच, मुलांच्या कार्यक्रमाला चार. नाटक ठरले आणि पोह्यांच्या बशा फिरल्या.

बूट घालताना जिन्यापाशी जी कुजबुज चालली होती, ती ऐकून मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला फोन केला आणि एवढेच विचारले: पहिली पसंती कळली, दुसरी कुठली आणि तिसरी कुठली? उत्तरे वहीच्या एका पानावर लिहीत गेले. नाटकवाल्या सहाही जणांची दुसरी पसंती मुलांचा कार्यक्रम होती, मैफल शेवटी. मैफलवाल्या पाचांनाही दुसऱ्या क्रमाने मुलांचाच कार्यक्रम हवा होता, नाटक शेवटी. उरलेल्या चौघांना मुलांच्या कार्यक्रमानंतर मैफल चालणार होती आणि नाटक शेवटी.

आता मोजून पाहा. नुसती पहिली पसंती मोजली, तर नाटक जिंकते. सर्वांत कमी मतांचा पर्याय गाळून उरलेल्या दोघांत पुन्हा मतदान घेतले, तर मुलांचा कार्यक्रम गळतो, त्याची चार मते मैफलीकडे जातात आणि मैफल नऊ विरुद्ध सहा अशी जिंकते. दोन-दोन पर्यायांची समोरासमोर लढत लावली, तर मुलांचा कार्यक्रम नाटकाला नऊ-सहाने आणि मैफलीला दहा-पाचाने हरवतो. माणसे तीच पंधरा, कुणाचेही मन पालटलेले नाही. मोजायची रीत तेवढी बदलली आणि तिन्ही पर्याय आळीपाळीने निवडून आले. नाटक तर नऊ जणांना सर्वांत नकोसे होते, आणि आम्ही ठरवले होते तेच.

ते पान अजून माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या जोडीला आणखी एक पान आले. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी हॉल कुठला घ्यायचा, यावर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात तीनशेच्या वर निरोप साठले होते. एका तरुण सभासदाने, अगदी मदतीच्या भावनेने, ते सगळे एका चॅटबॉटला दिले आणि विचारले, गटाचे मत काय आहे? उत्तर आले की बहुतेक सभासदांना गावाबाहेरचा मोठा हॉल हवा आहे. वाक्ये शुद्ध होती आणि सूर समजूतदार होता. पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. मी पुन्हा वही घेऊन बसले. मोठ्या हॉलबद्दल लिहिणारे चौघेच होते, पण निम्म्याहून अधिक निरोप त्या चौघांचेच होते. आमच्या एक काकू बसने ये-जा करतात. त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘तिकडे बस जात नाही, मला येता येणार नाही.’ त्या उत्तरात ही ओळ कुठेच नव्हती.

पहिल्या प्रसंगी मोजण्याची रीत चुकीची असेल, पण ती सर्वांसमोर होती. हात मोजताना प्रत्येकाला दिसत होते. दुसऱ्या प्रसंगी रीत होती, पण ती कुणालाच दिसली नाही. हे पुस्तक ज्या विषयाची ओळख करून देते, त्याचा गाभा मला या दोन पानांमधल्या अंतरात सापडतो. समूहाचा निर्णय माणसांच्या मतांतून येतो तितकाच मते गोळा करण्याच्या रीतीतून येतो. यंत्र समूहात सामील झाले की ही रीत त्याच्या पोटात जाते. ती बाहेर काढून वाचता आली पाहिजे, हा या विद्याशाखेचा मला पटलेला सर्वांत मोठा हेतू आहे.

विद्याशाखेला अजून एक ठरलेले नाव नाही. काही जण तिला संगणकीय समूहनिवड म्हणतात, काही बहुएजंट प्रणालींचा अभ्यास म्हणतात, तर अलीकडे सहकारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रुळू लागले आहे. एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याचा नाहीतर रेल्वेच्या तिकिटांचा एजंट येतो, आणि ते चित्र इथे फारसे चुकीचे नाही. कुणाच्या तरी वतीने पाहणारा, ठरवणारा आणि हालचाल करणारा तो एजंट. मग तो माणूस असो, यंत्रमानव असो की नुसता प्रोग्रॅम. पुस्तकभर हाच शब्द ठेवला आहे. ‘अभिकर्ता’ वगैरे शब्द सुचवले गेले, पण ते वाचकाला दारातच अडवतात.

प्रश्न मात्र जुना आहे. माझ्या वहीतल्या पानासारखी कोडी फ्रान्सच्या काँदोर्से यांनी १७८५मध्येच मांडली होती. त्यांना तर याहून अवघड गोष्ट दिसली होती: अ हा ब ला हरवतो, ब हा क ला हरवतो आणि क पुन्हा अ ला हरवतो, असे बहुमताचे चक्रही फिरू शकते. १९५१मध्ये केनेथ ॲरो यांनी सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर वाजवी वाटणाऱ्या मोजक्या अटी एकाच वेळी पाळणारी मतमोजणीची रीत असूच शकत नाही. मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे आणि ‘बारभाईंचा कारभार’ असाही वाक्प्रचार आहे. एकाच भाषेने समूहाच्या शहाणपणावरचा विश्वास आणि त्याच्या गोंधळाची धास्ती दोन्ही जपून ठेवले. नारायणरावांच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू आदींनी जो बारभाईंचा कारभार उभा केला, त्याने खरे तर सवाई माधवरावांची गादी राखली. तरी वाक्प्रचार गोंधळाच्या अर्थानेच टिकला, याचे मला नेहमी वाईट वाटते.

कॅनडाचा या कथेशी संबंध कसा, हे सांगायला १९७०पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी टोरोंटो विद्यापीठात दोन माणसे रुजू झाली. स्टीफन कुक बर्कलीहून आले आणि अनातोल रापोपोर्ट मिशिगनहून. दोघांचे विषय वेगळे, पण या पुस्तकाच्या दोन भिंती त्यांनीच बांधल्या आहेत.

कुक यांनी १९७१मध्ये एक शोधनिबंध वाचला. काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर हाती दिले तर ते बरोबर आहे का हे चटकन तपासता येते, पण उत्तर शोधून काढायची झटपट वाट कुणाला माहीत नसते. अशा प्रश्नांचे एक मोठे कुटुंब आहे आणि त्यातल्या एका विशिष्ट प्रश्नाची किल्ली सापडली तर सगळ्यांची सापडेल, हे त्यांनी दाखवले. याचा मतदानाशी काय संबंध? लुईस कॅरल या नावाने ‘ॲलिस’ लिहिणारे डॉजसन गणिताचे अध्यापक होते आणि त्यांनी १८७६मध्ये मतमोजणीची एक सुंदर रीत सुचवली होती: मतदारांच्या पसंतीक्रमांत कमीत कमी अदलाबदल करून जो उमेदवार सर्वांना समोरासमोर हरवू शकेल, तो विजयी. न्यायाच्या दृष्टीने रीत उत्तम. १९८९मध्ये बार्थोल्डी, टोवी आणि ट्रिक या तिघांनी सिद्ध केले की या रीतीने विजेता शोधणे हे कुक यांच्या त्या कुटुंबातल्या प्रश्नांइतके तरी अवघड आहे. म्हणजे मतपेट्या उघडल्या, मते समोर आहेत, पण उमेदवार पुरेसे असतील तर विजेत्याचे नाव आपल्या आयुष्यात निघेलच असे नाही. रीत न्याय्य असणे एक आणि ती चालवता येणे दुसरे, हा भेद संगणकशास्त्राने राज्यशास्त्राला शिकवला. त्याच तिघांनी उलट बाजूही दाखवली. काही रीतींत खोटा पसंतीक्रम देऊन निकाल आपल्या बाजूला वळवायचा, तर नेमका कुठला खोटा क्रम द्यावा हे शोधणेच अवघड असते. तिथे अवघडपणा ढालीचे काम करतो.

रापोपोर्ट यांची गोष्ट मला अधिक प्रिय आहे. ते गणिती होते, मैफली गाजवलेले पियानोवादक होते आणि युद्धाचे कडवे विरोधक होते. १९८०च्या सुमारास मिशिगनच्या रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकातल्या संगणकात एक स्पर्धा लावली. दोन प्रोग्रॅम समोरासमोर, प्रत्येक फेरीत प्रत्येकाने सहकार्य करायचे की दगा द्यायचा ते ठरवायचे, अशा दोनशे फेऱ्या. जगभरच्या तज्ज्ञांचे १४ प्रोग्रॅम आले, काही चांगलेच गुंतागुंतीचे. जिंकला रापोपोर्ट यांचा, सर्वांत छोटा, फोरट्रान भाषेतला चार ओळींचा. त्याचे धोरण आपण मराठीत ‘जशास तसे’ या दोन शब्दांत सांगतो: पहिल्यांदा सहकार्य करायचे आणि मग समोरच्याने मागच्या फेरीत जे केले तेच करायचे. स्पर्धा पुन्हा झाली, या वेळी ६२ प्रोग्रॅम आले, सर्वांना आधीचा निकाल माहीत होता, आणि जिंकला तोच.

या निकालातली एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते. ‘जशास तसे’ कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. दगा द्यायला तो कधीच पहिला नसतो, त्यामुळे फार तर बरोबरी होते. तरी एकूण बेरजेत तो पहिला आला, कारण त्याच्यासोबत खेळताना दुसऱ्यालाही भरपूर गुण मिळत होते. यंत्रे माणसांत मिसळतील तेव्हा त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, याचा विचार मी त्या चार ओळींपासून सुरू करते.

आता वॉटर्लू. माझ्या घरापासून उत्तरेला गाडीने वीस मिनिटांवर एल्मायरा नावाचे गाव आहे. रस्त्यात मेनोनाइट लोकांच्या काळ्या घोडागाड्या भेटतात आणि वसंतात मेपलच्या पाकाची जत्रा भरते. याच गावात युनिरॉयल कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९८९मध्ये ओंटारियोच्या पर्यावरण मंत्रालयाला गावाच्या भूजलात एनडीएमए नावाचे कर्करोगाला कारण ठरू शकणारे रसायन सापडले. गावाच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. मंत्रालयाने कंपनीला सफाईचा आदेश दिला आणि कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. तिसरा पक्ष स्थानिक सरकार, म्हणजे वॉटर्लू प्रदेशाचे प्रशासन आणि वुलविच टाउनशिप. मूळ आदेशच लागू व्हावा, असे त्यांचे म्हणणे.

त्याच सुमारास वॉटर्लू विद्यापीठातले कीथ हिपेल, शेजारच्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातले मार्क किलगोर आणि लिपिंग फांग हे तिघे तंट्यांचा आलेख मांडण्याची एक पद्धत घडवत होते. १९८७मध्ये तिची पहिली मांडणी आली होती आणि १९९३मध्ये पुस्तक आले. एल्मायराचा तंटा त्यांच्या दारातच उभा होता. पुढे तो या पद्धतीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण झाला.

हे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. पक्ष तीन. मंत्रालयासमोर एक पर्याय: आदेश सौम्य करायचा. कंपनीपुढे तीन: अपील लांबवायचे, आदेश मान्य करायचा किंवा कारखाना सोडून जायचे. स्थानिक सरकारपुढे एक: मूळ आदेशाचा आग्रह धरायचा. पाच पर्याय, प्रत्येकाचे हो किंवा नाही, म्हणजे कागदावर ३२ स्थिती. पण कंपनी तिन्हींपैकी एकच गोष्ट करू शकते, आणि ती निघून गेली तर बाकीच्यांनी काय केले याला अर्थ उरत नाही. लांबवण्याच्या चार, मान्य करण्याच्या चार, सोडून जाण्याची एक: उरल्या नऊ. मग प्रत्येक पक्षाने या नऊ स्थितींचा पसंतीक्रम लावायचा आणि कुठून कुठे जाणे कुणाच्या हातात आहे याचे बाण काढायचे.

बाण काढल्यावर दिसते की कंपनी अपील लांबवते आहे, मंत्रालय ठाम आहे आणि स्थानिक सरकार आग्रही आहे, ही स्थिती घट्ट बसलेली होती. मंत्रालयाने एकट्याने आदेश सौम्य केला तर ते घाट्यात, कंपनीने एकटीने मूळ आदेश मान्य केला तर ती घाट्यात. कुणीच आधी हलेना. पण दोघांनी एकाच वेळी पाऊल टाकले तर दोघेही आधीपेक्षा बऱ्या जागी पोहोचत होते. १९९१मध्ये नेमके तेच घडले. मंत्रालय आणि कंपनी यांनी आपसात बोलून सौम्य आदेशावर तडजोड केली. स्थानिक सरकारच्या पसंतीक्रमात ही स्थिती आधीच्या स्थितीपेक्षा खाली होती. ते त्या खोलीत नव्हते.

या पद्धतीने निर्णय घेतला नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. तिने दाखवले ते हे, की कोण कुणाला वगळून पुढे जाऊ शकतो. तंटा चालू असताना हा आलेख स्थानिक सरकारच्या हाती असता, तर आपल्याला कुठे घट्ट धरून बसायला हवे हे त्यांना आधी कळले असते, असे मला वाटते. आणि तरीही या आलेखात एक रिकामी जागा आहे. ज्यांच्या नळाला ते पाणी येत होते, ते गावकरी त्यात वेगळा पक्ष म्हणून नाहीत. टेबलाशी खुर्च्या किती मांडायच्या हे आलेख काढणाऱ्याने ठरवले. गणित सुरू होण्याआधीच एक मोठा निर्णय होऊन गेला होता. पुढच्या प्रत्येक प्रकरणात वाचकाने हा प्रश्न सोबत ठेवावा, अशी माझी विनंती आहे: इथे खुर्च्या कुणी मांडल्या?

एल्मायराचे पाणी तेव्हापासून वॉटर्लूहून नळाने येते. तिथले भूजल पिण्याजोगे करायला २०२८ ही मुदत ठरली होती.

यंत्रे या कथेत खेळगडी म्हणून आली ती प्रामुख्याने पश्चिम कॅनडातून. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ॲलन मॅकवर्थ यांनी १९९२मध्ये सुचवले की यंत्रमानवांनी फुटबॉल खेळावा, कारण बुद्धिबळातल्यासारखे एकट्याने आणि निवांत विचार करणे मैदानावर चालत नाही. एडमंटनला अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पोकरचा पाठपुरावा केला. २००७मध्ये त्यांचा प्रोग्रॅम व्हँकुव्हरला दोन व्यावसायिक खेळाडूंकडून थोडक्यात हरला, पुढच्या वर्षी लास व्हेगासला जिंकला, आणि २०१५मध्ये दोघांत खेळायच्या मर्यादित बोलीच्या पोकरचा तर त्यांनी जवळपास संपूर्ण निकालच लावला. मोठे काम आहे, पण मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे वळण. हरवण्यात प्रावीण्य मिळवलेली हीच माणसे सोबत खेळण्याकडे वळली.

हनाबी नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, बाकी सर्वांना दिसतात. मोजक्या खुणा देऊन सर्वांनी मिळून डाव लावायचा. २०१९मध्ये बोलिंग यांच्यासह काही संशोधकांनी हा खेळ कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे आव्हान म्हणून ठेवला. त्यात आढळले ते फार बोलके आहे. एकत्र शिकलेले प्रोग्रॅम एकमेकांशी अप्रतिम खेळतात, पण अनोळखी जोडीदार आला की कोसळतात. वाड्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या जावांचे जसे भुवईच्या हालचालीवर काम चालते, तसे त्यांचे झालेले असते. नव्या सुनेला त्यातले काही कळत नाही, आणि तिला समजावून सांगावे हे त्यांना शिकवलेलेच नसते.

मॉन्ट्रियलच्या मिला संस्थेतील संशोधकांनी त्याच वर्षी ‘डिप्लोमसी’ हा सात सत्तांचा पटावरचा खेळ घेतला आणि माणसांनी खेळलेल्या दीड लाखाहून अधिक डावांवरून यंत्राला शिकवले. तिथे संभाषण नव्हते, नुसत्या चाली. तीन वर्षांनी, २०२२मध्ये, मेटा कंपनीचा सिसेरो हा प्रोग्रॅम माणसांशी लेखी वाटाघाटी करत तोच खेळ खेळला. ४० डावांत तो वरच्या दहा टक्क्यांत आला. समोरच्या खेळाडूंना आपण यंत्राशी युती करतो आहोत याची कल्पना नव्हती. हे वाचून मी थोडी थांबले. युती करताना समोर कोण आहे हे ठाऊक असण्याचा हक्क खेळात सोडून देता येईल. ग्रामपंचायतीत, सहकारी सोसायटीत किंवा रुग्णाच्या खाटेपाशी तो सोडता येणार नाही. वॉटर्लू विद्यापीठाच्या केट लार्सन यांचा सहभाग असलेला एक दीर्घ निबंध २०२०मध्ये आला. त्यात समजून घेणे, संवाद साधणे, वचन पाळणे आणि त्यासाठी संस्था उभ्या करणे, हे सहकारी कृत्रिम बुद्धिमत्तेचे आधार म्हणून मांडले आहेत. वचन पाळणे हा शब्द संगणकशास्त्राच्या निबंधात वाचून मला बरे वाटले.

माणसे पुस्तकी गणिताप्रमाणे वागत नाहीत, हेही कॅनडात गांभीर्याने घेतले गेले. जेम्स राइट आणि केविन लेटन-ब्राउन यांनी व्हँकुव्हरला २०१०पासून प्रयोगांतल्या खऱ्या माणसांच्या खेळी गोळा करून दाखवले की समोरचा किती खोल विचार करेल याचा अंदाज माणूस एक-दोन पायऱ्यांपर्यंतच बांधतो. त्याआधी किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले ब्रेंट गॅलप संगणकावरून विचारमंथन करणाऱ्या गटांचा अभ्यास करत होते. तोंडी चर्चेत एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात. सर्वांनी एकदम टंकले की ही अडचण जाते. म्हणून गट मोठा होत गेला तसा टंकणाऱ्यांच्या कल्पनांचा ओघ तोंडी बोलणाऱ्यांपेक्षा बराच मोठा निघाला. १९९२चा हा निष्कर्ष आहे. आमच्या काकू मात्र फारसे टंकत नाहीत.

कॅनडाबाहेरचे दोन निष्कर्ष इथे सांगायलाच हवेत. येल विद्यापीठात शिराडो आणि क्रिस्टाकिस यांनी चार हजार माणसांना लहान जाळ्यांत बसवून रंग जुळवण्याचे कोडे दिले आणि त्यात गुपचूप काही बॉट मिसळले. अधूनमधून मुद्दाम नशिबावर सोडलेली खेळी करणारे बॉट योग्य जागी ठेवले, तेव्हा कोडे निम्म्याहून कमी वेळात सुटले. हे २०१७मधले. तर २०२४मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी १०६ प्रयोगांची एकत्र तपासणी करून दाखवले की माणूस आणि यंत्र यांची जोडी, सरासरी पाहता, दोघांपैकी जो एकटा सरस असतो त्याच्यापेक्षा कमी पडते. विशेषतः निर्णय घेण्याच्या कामात. दोघे एकत्र आले म्हणजे दोघांचे गुण आपोआप एकवटतात, ही समजूत टिकत नाही. जोडी कशी बसवली, कोण आधी बोलले, कुणाला नकार द्यायची मुभा होती, यावर सगळे ठरते.

कॅनडात माणसांनी निव्वळ माणसांत बसून केलेले प्रयोगही मोठे आहेत, आणि संगणकाची प्रकरणे वाचण्याआधी ते वाचावेत. २००४मध्ये ब्रिटिश कोलंबियाने एक नागरिक सभा भरवली. प्रत्येक मतदारसंघातून चिठ्ठीने निवडलेली एक स्त्री आणि एक पुरुष, शिवाय आदिवासी समाजांचे दोघे, अशी १६० सामान्य माणसे. काम एकच: प्रांताने आमदार निवडायची रीत कुठली असावी? त्यांनी महिनोन् महिने शिकून, गावोगावी सुनावण्या घेऊन १४६ विरुद्ध ७ मतांनी पसंतीक्रमाची रीत सुचवली. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत कोटा आणि दुसऱ्या पसंतीची मते हे शब्द ऐकू येतात, तीच जातकुळी. मे २००५च्या सार्वमतात ७९ पैकी ७७ मतदारसंघांत तिला बहुमत मिळाले, एकूण मते ५७.७ टक्के. अट ६० टक्क्यांची होती. सूचना पडली. रीत निवडण्यासाठी लावलेल्या रीतीनेच तिला पाडले.

उत्तरेला, नुनावुतच्या विधानसभेत पक्षच नाहीत. सगळे आमदार मिळून आपल्यातूनच मुख्यमंत्री आणि मंत्री निवडतात. इनुइट लोकांच्या जीवनमूल्यांत चर्चेतून एकमतापर्यंत येण्याला स्वतंत्र शब्द आहे, आजीकातिगीन्निक. तो वाचताना मला गडचिरोलीतले मेंढा-लेखा आठवते. २००९मध्ये जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या या गोंड गावात ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलतात. पण त्याहून महत्त्वाची आहे ती तिथल्या अभ्यासगटाची पद्धत. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येतात, माहिती मांडतात, वाद घालतात. ठरवणे मात्र ग्रामसभेकडे, म्हणजे परिणाम ज्यांना भोगायचे त्यांच्याकडे.

यंत्राला समूहात कुठे बसवायचे, या प्रश्नावर मी जगभरचे बरेच काही वाचले आहे, आणि मेंढा-लेखाच्या या वाटणीइतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. यंत्राने अभ्यासगटात बसावे. नऊ स्थितींचे बाण काढावेत, कुणाची ओळ सुटली ते सांगावे, सर्वांना निदान चालेल असा मसुदा करून द्यावा. ब्रिटनमध्ये पाच हजारांहून अधिक लोकांसोबत असा मसुदे लिहिणाऱ्या यंत्राचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये आले, आणि माणूस मध्यस्थाच्या मसुद्यापेक्षा यंत्राचा मसुदा लोकांना अधिक पटला. माझा त्याला विरोध नाही. मात्र त्या प्रयोगात मसुद्यांवर क्रम लावणारी आणि टीका लिहिणारी माणसेच होती, हे विसरू नये. मुंबईच्या अरमान संस्थेसाठी मिलिंद तांबे यांच्या गटाने बांधलेली प्रणाली याच प्रकारची आहे: गरोदर आणि बाळंत स्त्रियांपैकी आरोग्यसंदेश ऐकणे कोण सोडून देण्याच्या बेतात आहे, हे ती सुचवते, आणि फोन माणूस करतो.

गणिताची सूत्रे या पुस्तकात कमी आहेत. जिथे आहेत तिथे वही-पेन्सिल घेऊन बसावे. प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. मतदानाची प्रकरणे सरकारी नोकरीतल्या, सोसायटीच्या कमिटीतल्या, बचत गटातल्या कुणालाही थेट उपयोगी पडतील. कोडे म्हणून अवघड आहे ते हनाबीचे प्रकरण. पत्त्यांचा एक जोड घेऊन घरच्यांसोबत खेळून पाहिल्यावर ते उलगडते.

यंदाच्या जानेवारीत आमची सभा पुन्हा भरली. पर्याय पुढे येण्याआधी मोजायची रीत ठरवू, अशी सूचना मी मांडली. दीड तास गेला. शेवटी ठरले की प्रत्येकाने कागदावर तीन पसंत्या लिहायच्या, जोड्या लावून मोजायचे, आणि चॅटबॉटकडून सारांश घेतला तर कुठल्या कुठल्या निरोपांचा घेतला ते खाली लिहायचे. मी इतिवृत्त लिहायला घेतले, तेव्हा काकूंनी विचारले, “अगं, पण बर्फामुळे आज जे तिघे आलेच नाहीत, त्यांचं काय?”

आम्ही तिथूनच फोन लावले. दोघांनी उचलला. तिसऱ्यासाठी एक कोरा कागद घडी करून डब्यात ठेवला आणि मोजणी रविवारवर टाकली.